ठमाबाईची हुंकारी

१

धानोऱ्यात माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा कम्प्युटरांना काहीच झालेलं नसतं. कोणाची वायर उंदराने कुरतडलेली असते, कोणाच्या डब्यात मुंग्यांनी संसार मांडलेला असतो. एकदा तर आतून सरडा निघाला आणि मालक मलाच म्हणाला, की ताई, हा तुमच्या दुकानातच शिरला असेल. अशा लोकांशी हसत बोलायचं, फुंकर मारायची आणि डबा परत द्यायचा, हा माझा धंदा. त्यामुळे मार्चमध्ये मोनालीचा फोन आला, तेव्हा मी चहा बाजूला ठेवला नाही.

"ताई, आमचा कम्प्युटर मधामधात हूं म्हणते."

"पंखा असेल. धूळ बसली की घरघरतो."

"आवाज नाई करत. लिहिते. आत्या एक वाक्य बोलली का खाली लिहिते, हूं."

मोनाली हलामी आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिची आत्या ठमाबाई हीच तिची सासू, कारण त्यांच्यात मामाची मुलगी घरी आणायची रीत आहे. ठमाबाईंना एक गोष्ट येते, एकच, पण ती आठवडाभर चालते. मोनालीने माइक आणला होता. सासू बोलणार आणि कम्प्युटर आपोआप लिहून घेणार, अशी सगळी सोय केली होती.

"कोणीतरी म्हणत असेल हूं," मी म्हटलं.

"कोण म्हणल? माहा नवरा सुनील दिवसभर ड्युटीवर. घरी आम्ही दोघीच राह्यतो." मग तिचा आवाज जरा उतरला. "ताई, लवकर या ना. आत्याच्या गळ्यात गाठ आहे. येत्या मंगळवारी नागपूरले ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते, आवाज वाचलच असं सांगता येत नाई. त्याच्या आधी गोष्ट पुरी लिवली पाह्यजे."

मी चहा तसाच ठेवून बॅग उचलली.

२

त्यांचं गाव धानोऱ्यापासून चौदा किलोमीटर. मोहाची फुलं गळायचे दिवस होते, सगळ्या रस्त्याला गोडूस वास. घर नीटनेटकं, शेणाने सारवलेली ओसरी, आणि ओसरीला लागूनच्या खोलीत दाराशी टेबलावर कम्प्युटर. दारात बसलं की ओसरी समोर आणि पडदा शेजारी.

ठमाबाई दारातच पाटावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, गळ्याला सुती फडकं गुंडाळलेलं. आवाज घोगरा झालेला, पण डोळे असे की आता कोणाची खोडी काढू, असं शोधत फिरणारे.

"तू मशीनची डॉक्टर का?" त्यांनी विचारलं. "बरं झालं. माह्या डॉक्टरपेक्षा तू लवकर आली."

मी म्हटलं, बाई, तुम्ही जरा गोष्ट सांगा, मी पाहते. त्यांनी फडकं सैल केलं, माइक हातात धरला आणि सुरू झाल्या.

"त सुकलूचं लगन ठरलं."

पडद्यावर ते वाक्य आलं. त्याच्याखाली आलं, 'हूं'.

"त सुकलूनं अख्ख्या रानाले आवतन देल्लं. मोराले देल्लं, सश्याले देल्लं. अस्वलाले द्याचं भुलला."

'हूं.'

"त अस्वल आपल्याआपच आलं. आलं अन् म्हणते, मी नवरदेवाचा मामा. मले मामाचा मान पाह्यजे."

'हूं. हूं.'

मी खदखदून हसले. मोनालीही हसली. पण आम्ही दोघींनी हूं म्हटलं नव्हतं आणि पडद्यावर आमचं हसू आलं नव्हतं. ओसरीवर मोनालीने कोंबड्यांसाठी कणी टाकली होती, तिकडे माझं सहज लक्ष गेलं. पाच-सहा कोंबड्या होत्या. त्या ओसरीच्या कडेकडेने फिरून टिपत होत्या. मधे एवढी कणी पसरलेली, पण तिकडे एकही जात नव्हती.

मला वाटलं, तिथे नुकतंच सारवलं असेल.

३

मी चिमूरच्या नगराळे गुरुजींची मुलगी. आमचे बाबा, हरिदास गुरुजी, घरात भूतखेताचा विषय निघू द्यायचे नाहीत. म्हणायचे, हर्षा, आधी कारण शोध, घाबरायला नंतर वेळच वेळ आहे. ही शिकवण कम्प्युटरच्या धंद्यात फार कामी येते.

मी कारण शोधायला बसले. पंखा बंद केला. फ्रीजची पिन काढली. माइक बदलून माझा लावला. भाषा पाहिली, मराठीच होती. दुसरा कुठला प्रोग्रॅम चोरून आवाज ओढतो का ते पाहिलं, नव्हता. माइकची वायर ओढली तेव्हा लिहिणं बंद पडलं, म्हणजे जे काही यायचं ते माइकमधूनच यायचं. इथवर सगळं शिस्तीत होतं.

मग मी स्वतः बोलून पाहिलं. "माझं नाव हर्षा नगराळे. आज गुरुवार आहे." पडद्यावर तेवढंच आलं. कोपऱ्यातल्या खताच्या पिशवीवरचा मजकूर मोठ्याने वाचला. तेवढाच आला. ठमाबाईंना म्हटलं, सकाळी काय जेवलात ते सांगा. त्यांनी भाजीत तिखट कमी होतं अशी सुनेची चुगली केली, आणि तीही जशीच्या तशी उमटली.

"आता गोष्ट सांगा."

"त अस्वल रुसलं अन् मांडवाच्या खांबाले टेकून बसलं."

'हूं.'

गोष्ट आणि खताची पिशवी यातला फरक कम्प्युटरला कळतो, असं मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं.

माइकमध्ये किती आवाज जातो ते दाखवणारी एक हिरवी रेघ असते. बोललं की उसळते, गप्प बसलं की आडवी पडते. मी ती रेघ उघडून ठेवली. ठमाबाई बोलल्या की ती उड्या मारायची. त्या थांबल्या की सपाट. आणि त्या सपाट रेघेवर, कसलाही आवाज आत गेलेला नसताना, 'हूं' उमटायचं.

मग मी स्वतःलाच समजावलं, की हे सॉफ्टवेअर शिकणारं असतं. चार दिवस सारखी गोष्ट ऐकून त्याला वाटलं असेल, वाक्य संपलं की हूं लिहायचं. मी लिहिलेली फाइल तेवढी ठेवून बाकी सगळं पुसून नव्याने बसवलं, नवं नाव, नवं खातं, काल जन्मलेल्या बाळासारखं कोरं. ठमाबाईंनी पहिलं वाक्य सांगितलं.

'हूं.'

"लय हुशार आहे बाळ," ठमाबाई म्हणाल्या. त्यांना पाहता पाहता मशीनचा लळा लागला होता.

४

मोनालीने चहा केला. मी ठमाबाईंना सरळच विचारलं, की बाई, हे हूं काय आहे?

"हुंकारी," त्या म्हणाल्या. "गोष्टीले हुंकारी लागते ना. सांगणारा सांगते, आयकणारा हूं म्हणते. हूं नाई आला त गोष्ट पुढं जात नाई. कोणाले सांगाची मंग, खांबाले?"

"तुमच्या गोष्टीला हुंकारी कोण द्यायचं?"

"माहा नवरा. लालसू. आठ वर्सं झाले त्याले जाऊन. तवापासून म्या गोष्ट सांगतलीच नाई."

मोनालीने माझ्याकडे पाहिलं. मी मोनालीकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार की लालसूच आला.

ठमाबाईंनी आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना इतकं हसू आलं, की चहा सांडला. "लालसू नोय वो! लालसू त मधातच झोपी जाये. दोन वाक्यं झाले का घोरे. म्या त्याले पायानं ढोसलं, का दचकून म्हणे हूं, हूं, हूं." त्यांनी डोळे पुसले. "हे कोणी दुसरे होत. हे चुकतच नाई."

"कोण?"

"आयकाले आलेल्याले कोण म्हणून नाई पुसत, पोरी. बसू देते."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की मी कपात उरलेला चहा पिऊन टाकला. ओसरीवर कोंबड्या तशाच कडेकडेने फिरत होत्या.

ठमाबाई वाळत घातलेला मोह पाहायला अंगणात गेल्या. मोनाली म्हणाली, "ताई, मले याची छापील वही करून आत्याच्या हाती द्याची आहे, नागपूरले जाच्या आधी. असं दर ओळीले हूं हूं बरं दिसल का?"

बरं तर दिसलंच नसतं. हूं का येतं ते मला कळत नव्हतं, पण आलेलं घालवायचं कसं ते चांगलं कळत होतं. मी फाइल उघडली, 'हूं' शोध आणि त्या जागी काहीच ठेवू नको, असा हुकूम सोडला. एका झटक्यात एक हजार तीनशे बारा हूं गेले. पुढे नवीन येईल तोही उमटता क्षणी पुसला जाईल, अशी सोय करून ठेवली. पान कसं स्वच्छ दिसायला लागलं. जुनी फाइल सवयीने पेनड्राइव्हवर घेतली आणि मी शीळ घालत धानोऱ्याला परत आले.

५

रविवारी सकाळी मोनालीचा फोन.

"ताई, दोन दिवस झाले, आत्याले गोष्ट आठवूनच नाई राह्यली. उद्या सकाळी निघाचं आहे." ती रडत होती.

मी पोचले तेव्हा ठमाबाई त्याच पाटावर बसल्या होत्या, माइक मांडीवर. खोडकर डोळे विझलेले. गोष्ट अगदी शेवटाशी येऊन अडकली होती. वरात निघालेली, अस्वल रुसून रस्त्यात आडवं पडलेलं, आणि त्याची समजूत सुकलूने कशी काढली ते यायचं होतं.

"मले पुढचं दिसूनच नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. "सांगतो, अन् समोर कोणी नाई. सगळे उठून गेले. काऊन गेले, तेच नाई समजत."

मी कबूल केलं. काय पुसलं, कसं पुसलं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, त्यात काय. त्यांनी मांडीवरचा माइक खाली ठेवला.

"आयकणाऱ्याचा हूं पुसला तू?"

"मी फक्त लिहिलेलं पुसलं, बाई."

"तो त्याईचा होता. तुहा नोय, माहा नोय. आंगणात पाव्हणे बसले, अन् तू त्याईच्या खालची चटई ओढली. कोणी बसल का?"

मला खरोखर लाज वाटली. कारण-बिरण राहिलं बाजूला. एका बाईचा आवाज परवा कदाचित जाणार होता, आणि तिची आयुष्यभराची एकुलती एक गोष्ट मी स्वच्छतेच्या नादात बंद पाडली होती. मी पेनड्राइव्ह लावून जुनी फाइल परत आणली. ते एक हजार तीनशे बारा हूं आपापल्या ओळीत बसले. पुसायची सोय काढून टाकली. हिरवी रेघ उघडी ठेवली.

"आता?" मी विचारलं.

"आता चटई टाक अन् बस. तू उठवलं ना? तूच बोलाव."

ओसरीवर कोंबड्यांचा धुमाकूळ होता. कणी मधली असो की कडेची, सगळी सफाचट करत होत्या. त्यांना हाकलून मी शिंदीची चटई टाकली. ती लांबरुंद होती. मी एका टोकाला बसले, तिथून दाराशी ठमाबाई आणि त्यांच्यामागे पडदा दिसत होता.

ठमाबाईंनी अंदाज घेत सुरुवात केली. "त वरात निघाली."

"हूं," मी म्हटलं. पडद्यावर माझा हूं उमटला. एकच.

"त अस्वल रस्त्यात आडवं पडलं."

"हूं."

एकच. ठमाबाई थांबल्या. त्यांनी घसा खाकरला. मोनाली चौकटीला धरून उभी होती. एक तांबडी कोंबडी ऐटीत चटईवर चढली आणि माझ्यापासून दोन हातांवर काही तरी टोचायला लागली. पंखा बंद होता. लांब कुठे तरी कोणी तरी कोणाला हाक मारत होतं, तेवढाच आवाज.

"अस्वल म्हणते, नाई उठत. मामाले आवतन नाई, मामाले धोतर नाई, अन् पोटात अन्न नाई."

"हूं," मी म्हटलं. आणि मनातल्या मनात, कोणाला ते न कळता, म्हटलं, चुकलं माझं. या.

तांबडी कोंबडी एकदम कोकलली. कोणी हाताने बाजूला सारावी तशी ती चटईवरून आडवी सरकली, पंख फडफडवत अंगणात पडली आणि तिथून रागाने ओसरीकडे पाहत उभी राहिली. तिच्याजवळ कोणी नव्हतं. मी हललेही नव्हते. चटईचा पलीकडचा काठ, जो आतापर्यंत जरा वर वळलेला होता, तो जमिनीला टेकला होता.

पडद्यावर माझ्या हूंच्या खाली दुसरा हूं आला.

ठमाबाईंचे डोळे पेटले. "आले," त्या पुटपुटल्या, आणि मग त्या थांबल्याच नाहीत. सुकलूने नवरीच्या ताटातला मोहाचा लाडू अस्वलाला दिला. अस्वल म्हणालं, एक लाडू म्हणजे माझी थट्टा. मग सश्याने दिला, मोराने दिला, वाजंत्री वाजवणं सोडून लाडू वळायला बसले. नवरी वैतागून डोलीतून उतरली आणि अस्वलाचा कान धरून म्हणाली, मामा आहेस ना, मग उचल मला. मामाने भाचसुनेला खांद्यावर घेतलं, आणि त्या दिवसापासून तो रुसायचं विसरला. फक्त मोहाच्या दिवसात त्याला ते लाडू आठवतात. म्हणून मोह वेचताना एक ओंजळ झाडाखाली ठेवायची.

मी हसत होते, हूं म्हणत होते. मोनाली रडता रडता हसत होती. आणि पडद्यावर हूं, हूं, हूं, तीन तीन, चार चार, ओळींमागून ओळी. मला भीती वाटत होती का? होय, वाटत होती. माझ्या डाव्या बाजूला मी एकदाही वळून पाहिलं नाही. पण इतकं मजेत मी कधी घाबरले नव्हते, हेही खरं.

"सरली गोष्ट," ठमाबाई म्हणाल्या.

चटई सैल झाली. काठ पुन्हा वर वळला. कोंबड्या एका दमात ओसरीवर चढल्या.

६

वही छापली, एक हजार सहाशेच्या वर हूंसकट. नागपूरला जाताना ती ठमाबाईंच्या मांडीवर होती. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ निघाली, जीव वाचला. आवाज गेला.

महिनाभराने मी त्यांना भेटायला गेले. दुपारची वेळ होती. ठमाबाई पाटावर, गळ्याला नवं फडकं. मला पाहून त्या तोंडभर हसल्या, आवाजाशिवाय. मी चपला काढत होते. त्यांनीच हाताने खूण केली, की मशीन लाव.

मोनाली मला म्हणाली, "रोज लावाले लावते. अन् बसते समोर."

मी कम्प्युटर सुरू केला, माइक त्यांच्या हातात दिला, हिरवी रेघ उघडली. आडवी, सपाट. मी चटई टाकून माझ्या टोकाला बसले. कणी टिपणाऱ्या कोंबड्या एकेक करून मधली जागा सोडून कडेला गेल्या.

ठमाबाईंचे ओठ हलायला लागले. हात हलले, भुवया उडाल्या, मधेच त्यांनी नाक मुरडून कोणाची तरी नक्कल केली. हे अस्वल नव्हतं. अस्वलाची गोष्ट मला पाठ झाली होती. ही दुसरीच काही होती, नवी. त्यांना एकच गोष्ट येते, असं आम्हाला वाटत होतं. मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. रेघेलाही येत नव्हता, ती मेल्यासारखी पडून होती.

ओठ थांबले. पडद्यावर आलं, 'हूं'.

ठमाबाई पुढे सरसावल्या. ओठ पुन्हा हलले. 'हूं. हूं.' मग काही तरी फार गमतीचं झालं असणार, कारण त्यांना स्वतःलाच हसू आवरेना, खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पडद्यावर हूं इतक्या भराभर उतरत गेले की पान सरकलं. इतकी हसलेली बाई मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. माझंही मन भरून आलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट रोखून, भुवई वर करून. तू काऊन गप्प?

मी म्हटलं, "हूं."

हिरवी रेघ उठली आणि पडली. पडद्यावर माझा हूं आला, सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत. मी उशिरा आले होते.